नाशिकची वाइन ट्रिप: कोल्हापुरातून निघताना या चुका टाळा

पहाटे पाचला तावडे हॉटेलच्या चौकातून गाडी काढायची, दुपारी नाशिक गाठायचं, संध्याकाळपर्यंत तीन वाइनरी बघायच्या, रात्री झकास जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर करून परत. आमच्या ग्रुपचा पहिला बेत असा होता. कागदावर नाद खुळा! प्रत्यक्षात चाकणलाच दीड तास अडकलो, मग नारायणगावला मिसळ, संगमनेरला चहा. नाशिकात शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते आणि तीनची टूर निघून गेली होती. काउंटरवरचा पोरगा नम्र होता, पण त्याच्याकडं आमच्यासाठी काही नव्हतं. पुढची टूर फुल्ल.

त्यानंतर दोनदा जाऊन आलो, त्यामुळं आता ओळखीतला जो तो विचारायला येतो. बहुतेकांचा बेत आमच्यासारखाच असतो. गोव्याला किंवा जत्रेला निघाल्यासारखा, एका दिवसात जेवढं कोंबता येईल तेवढं कोंबलेला.

पहिली चूक: अंतर हिशेबात न धरणं

कोल्हापूर ते पुणे साधारण २३० किलोमीटर आणि पुण्यातून नाशिक आणखी २१०. मुंबई-पुण्याच्या माणसाची 'वीकेंड ट्रिप' आपल्याला वीकेंडात बसत नाही. जाण्याचा दिवस जाण्याचाच धरा, त्या दिवशी कुठलंही बुकिंग नको. तीन रात्री काढता येत नसतील तर बेत पुढं ढकला.

रेल्वेनं जाणाऱ्यांचा एक ठरलेला गोंधळ होतो. आपली महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाला जाते म्हणजे नाशिकवरून जात असेल, असं गृहीत धरतात. ती दौंड, अहिल्यानगर करत मनमाडला निघते, नाशिक रोडला येतच नाही. मध्यरात्र उलटून गेल्यावर मनमाडच्या फलाटावर बॅगा घेऊन उभं राहायचं आणि तिथून पुन्हा सत्तरेक किलोमीटर उलट यायचं.

दोनच दिवस हातात असतील तर नाशिकचा हट्ट सोडा आणि अकलूजकडं बघा. माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला फ्रातेल्ली ही वाइनरी आहे, नाशिकच्या जवळजवळ निम्म्या अंतरावर. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांनी मिळून ती उभी केली, म्हणून हे नाव. उसाच्या पट्ट्यात सांजोवेझे नावाचं इटालियन द्राक्ष वाढताना बघायला गंमत वाटते. आधी फोन करून, वेळ ठरवूनच जा. आणि आषाढीच्या आधीचे दिवस टाळा, कारण तुकोबांची पालखी अकलूजवरून आणि माउलींची माळशिरसवरून जाते. त्या गर्दीत वाइनरी शोधत फिरणं बरंही दिसत नाही.

"एवढं लांब कशाला, आपलं तासगाव आहे की," हे वाक्य मला दर वेळी ऐकावं लागतं. तासगावची द्राक्षं खायची आणि बेदाण्याची. बिनबियांची, पातळ सालीची, लांबट मण्यांची. वाइनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं आणि बियांचं असतं. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतून येतो. राज्याच्या २००१ च्या धोरणात सांगली जिल्ह्यात पलूसला आणि नाशिककडं विंचूरला वाइन पार्क, म्हणजे वाइन उद्योगाच्या वसाहती, ठरल्या होत्या. पण टूर, टेस्टिंग रूम (वाइन चाखायची जागा), राहण्याची सोय हे सगळं पर्यटन फुललं ते नाशिकलाच.

दुसरी चूक: हंगाम आणि कॅलेंडर न बघणं

घड लगडलेले मांडव बघायचे असतील तर जानेवारी ते मार्च. द्राक्षाच्या वेलीला आपल्याकडं वर्षातून दोन छाटण्या होतात: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. फळ धरतं ते गोडी छाटणीनंतर आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी नवीन वर्षात सुरू होते. पावसाळ्यात गंगापूर धरणाचा परिसर हिरवागार, फोटो अप्रतिम, पण वेलीवर एकही घड नसतो. एप्रिलमध्ये तर नुसत्या काड्या दिसतात. बायकोला "द्राक्षं तुडवायला नेतो" म्हणून मे महिन्यात घेऊन गेलेला एक मित्र आहे माझा, त्याचं पुढं काय झालं ते लिहीत नाही.

आता हंगामातला सापळा. जानेवारीत जोडून सुट्टी कुठली मिळते? सव्वीस जानेवारीची. आणि तो ड्राय डे असतो. बाग दिसेल, टाक्या दिसतील, ग्लास मात्र मिळणार नाही. १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरचंही तेच, आणि निवडणूक असली तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास. तारीख ठरवण्याआधी वाइनरीला फोन करून सरळ विचारायचं, "त्या दिवशी टेस्टिंग सुरू आहे ना?"

फेब्रुवारीच्या सुमारास सुला वाइनरीचा सुलाफेस्ट हा महोत्सव असेल तो आठवडा गाण्याबजावण्यासाठी चांगला, पण निवांत टेस्टिंगचं नाव काढू नका. आणि २०२७ मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, त्या ऑगस्ट-सप्टेंबरात हा विषयच नको.

त्र्यंबकेश्वर आणि टेस्टिंग एकाच दिवशी घालू नका, एवढंच सांगतो. दर्शनाची रांग किती वेळ घेईल ते कुणाच्या हातात नसतं. घरची ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दोन्ही दिवस वेगळे ठेवलेले सगळ्यांनाच सोयीचे पडतात.

तिसरी चूक: चाखायला जाऊन प्यायला बसणं

ही खरी आपली चूक. कोल्हापूरकराला ताटात आणि ग्लासात कमी पडलेलं चालत नाही. टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाइन साधारण ३० मिली ओततात. ते बघून आमच्यातला एक जण म्हणाला, "एवढ्यात काय होतंय? नरडं तरी भिजंल का?" हिशेब करा. सहा वाइन म्हणजे १८० मिली, आपल्या भाषेत एक क्वार्टर. तीन वाइनरी केल्या तर ५४० मिली, म्हणजे पाऊण बाटलीला थोडी कमी, तीही उन्हात, अर्ध्या रिकाम्या पोटी. तिसऱ्या ठिकाणी शिराझ आणि काबर्ने या दोन लाल वाइनमधला फरक सांगणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.

दिवसाला दोन वाइनरी पुष्कळ झाल्या. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत, त्यातल्या दोन एका दिवशी. इगतपुरीकडच्या ग्रोव्हर झाम्पा आणि व्हॅलोने दुसऱ्या दिवशी. दिंडोरीचं शांदों तिसऱ्या बाजूला, ते ओढूनताणून त्याच दिवसात बसवू नका. घोट तोंडात घोळवून समोरच्या भांड्यात थुंकला तरी चालतो. ते भांडं त्यासाठीच असतं. आम्ही पहिल्यांदा त्यात टिश्यू टाकले होते.

टेस्टिंग सकाळी अकराच्या सुमाराला ठेवा, तेव्हा जीभ ताजी असते. पण त्याआधी मिसळ नको. नाशिकची मिसळ चांगली असते (आपल्याएवढी नाही, पण असते), ती दुसऱ्या दिवशी खा. तर्रीनं जीभ भाजली की पुढचा तासभर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन काय आणि लिंबूपाणी काय, एकच. तंबाखू, गुटखा, मसाला पान, सगळं तेच करतं. आणि अंगावर अत्तर फवारून जाऊ नका. वाइन अर्धी नाकानंच प्यायची असते, आणि तुमच्या अत्तरामुळं शेजारच्याचाही ग्लास वाया जातो.

ओळखपत्र जवळ ठेवा. कॉलेजातल्या पोरांना बरोबर घेणार असाल तर आधी विचारा. २१ च्या आतल्यांना टेस्टिंग मिळत नाही आणि दारात वाद घालून उपयोग नसतो.

चौथी चूक: जेवणाची

वाइनरीतल्या चांगल्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी रात्री बुकिंगशिवाय टेबल मिळणं कठीण. मिळालं तरी एकेक पदार्थ सावकाश येतो, दोन तास धरूनच बसा. "सगळं एकदम आणा" म्हटलं तर आणतात, पण मग पैसे कशाला मोजले?

वेटर बाटली उघडून थोडीशी ग्लासात ओततो आणि थांबतो. तो घोट आवडली की नाही ते सांगण्यासाठी नसतो. वाइन खराब झाली आहे का, ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास येतोय का, एवढंच बघायचं. ठीक असेल तर मान हलवा. आवडली नाही म्हणून परत करता येत नाही.

तिखटाबरोबर कुठली वाइन, हा प्रश्न कोल्हापुरात सगळ्यात जास्त विचारला जातो. आणि सगळे चुकतात, कारण मटण म्हटलं की लाल वाइन असं कुठंतरी वाचलेलं असतं. तांबड्या रश्श्यावर तुरट, जड लाल वाइन घेतली की तिखट आणखी भडकतं, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि तुरटपणा तोंड कोरडं करतो. त्याच्याबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन ब्लाँ घ्या, नाहीतर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. पांढऱ्या रश्श्याला शार्डने ही पांढरी वाइन छान जाते, नारळाच्या दुधाशी तिचं जमतं. लाल वाइन सुक्या मटणासाठी राखून ठेवा, तीही किंचित गार करून. 'रूम टेंपरेचर' म्हणजे १६-१८ अंश, आपल्या मार्चमधल्या खोलीचे ३२ नव्हेत.

बिल बघताना जेवणाचा जीएसटी आणि वाइनचा व्हॅट वेगवेगळा लागलेला दिसेल, ते बरोबर आहे. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक असतो. नको असेल तर शांतपणे काढायला सांगा.

गाडी कोण चालवणार?

हे निघतानाच ठरवा. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल इतकीच आहे. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "मी फक्त चाखलीय" हे यंत्राला कळत नाही. दिवसभरासाठी स्थानिक ड्रायव्हरसह गाडी ठरवा. वाइनरीच्या रस्त्यांवर ऐन वेळी रिक्षा-कॅब मिळेल या भरवशावर राहिलो तेव्हा अंधारात दोन किलोमीटर चाललो होतो.

बाटल्या घरी आणताना

डिकीत टाकून आणू नका. मार्चच्या उन्हात बंद गाडीची डिकी भट्टी होते आणि संगमनेरच्या जेवणापर्यंत वाइन शिजून जाते. थर्माकोलच्या खोक्यात, सीटखाली, एसीत आणा. बिल हाताशी ठेवा. बूच असलेली बाटली घरी आडवी ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर कशीही चालते.

आणि कृपा करून ती साठवून ठेवू नका. 'जितकी जुनी तितकी भारी' हे मोजक्या वाइनना लागू पडतं. आपण आणतो त्या बहुतेक पांढऱ्या वाइन वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या असतात. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. माझ्या मावसभावानं हौसेनं आणलेली सोव्हिन्याँ ब्लाँ ही पांढरी वाइन शोकेसमध्ये, ट्यूबलाइटखाली पाच वर्षं उभी ठेवली होती. गेल्या वर्षी वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी ती मोठ्या थाटात उघडली. रंग चहासारखा, वास व्हिनेगरकडं झुकलेला. वहिनींनी ती तशीच उचलली आणि रविवारच्या मटणाला चोळली. मटण लुसलुशीत झालं होतं.