व्हीलचेअरवर आहात आणि फोनमध्ये हेल्थ ॲप टाकलंय? मग या चुका टाळा

मणक्याला मार लागून मला सहा वर्षं झाली. कंबरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर असते. हॉस्पिटलमधून घरी आलो तेव्हा धाकट्या भावाने हौसेने फोनमध्ये फिटनेसचं ॲप टाकून दिलं, म्हणाला दादा, रोज बघत जा किती करतोस ते. आणि मग रोज रात्री नऊला ते ॲप दाखवायचं, टार्गेट १०,००० पावलं, झाली ३४०. ती ३४० सुद्धा आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांतून खुर्ची जाताना खिशातला फोन हलायचा त्याची. महिनाभर तो आकडा बघितला आणि ॲप काढून टाकलं, आणि त्याच्यासोबत व्यायाम पण सोडला, नुकसान झालं ते त्या सोडण्याने. आता नवीन लोक फोन करतात, तेच प्रश्न असतात, तीच निराशा असते, म्हणून सविस्तर लिहितोय.

ॲपचं टार्गेट तेच आपलं ध्येय धरणं

सगळ्यात मोठी चूक हीच आहे, बाकीच्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात. ते १०,००० पावलांचं कुठून आलं माहितीये का? १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलं मोजणारं’ अशा अर्थाचं होतं. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा होता तो, डॉक्टरांनी ठरवलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये व्यायामाच्या सूचना काढल्या त्यात अपंगत्व असलेल्या मोठ्या माणसांसाठी वेगळा भाग आहे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, आणि तेवढं जमत नसेल तर थोडं सुद्धा काहीच न करण्यापेक्षा चांगलं, थोड्यापासून सुरू करा, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मिनिटं मोजायला पाय लागत नाहीत.

पण मिनिटं सुद्धा नंतर. आधी रोजच्या जगण्यातली एक गोष्ट धरा जी परत आपल्या हातात हवीये. माझी होती, पलंगावरून खुर्चीत यायचं, आईला हाक न मारता. आई साठीच्या पुढची, तिची कंबर दुखायची आणि ती बोलायची नाही, ते मला दिसत होतं.

मग फिजिओ मॅडमनी एक साधं सवय नोंदवायचं ॲप घ्यायला लावलं, त्यात आपले आपण पर्याय लिहिता येतात. मी चार लिहिले: उचलून घेतलं, धरून केलं, आई नुसती बाजूला उभी होती, एकट्याने केलं. बस. रोज सकाळी एकदा टॅप करायचं. खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक, पलंगाच्या बाजूचा आर्मरेस्ट काढायचा, पलंग आणि खुर्चीच्या मध्ये टाकायच्या, सरकायच्या फळीचं टोक मांडीखाली नीट सरकवायचं, पुढे झुकायचं आणि ज्या बाजूला बूड न्यायचं त्याच्या उलट बाजूला डोकं. हे डोक्याचं मला कितीतरी दिवस जमत नव्हतं, कारण माणूस आपोआप जिकडे जायचंय तिकडेच बघतो. सातव्या आठवड्यापर्यंत ‘धरून केलं’ हेच येत होतं, पण ॲपमध्ये मागे जाऊन बघितलं तर ‘उचलून’ केव्हाच बंद झालं होतं. ते दिसलं म्हणून टिकलो. अकराव्या आठवड्यात एका मंगळवारी चौथं बटण दाबलं, आई तेव्हा स्वयंपाकघरात होती.

ॲपला आपण कसे फिरतो ते न सांगणं

ॲपल वॉच असेल तर २०१६ पासून त्यात व्हीलचेअरची सोय आहे. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये आपल्या माहितीत जाऊन व्हीलचेअरच्या पुढे ‘हो’ करायचं, मग ते पावलांऐवजी चाकाला दिलेले पुश मोजतं आणि ‘उभे राहा’ म्हणायचं बंद करतं. किती जणांनी महागडं घड्याळ घेतलंय आणि ही सेटिंगच उघडलेली नाही!

घड्याळ नसेल तरी अडत नाही. बऱ्याच साध्या ॲपमध्ये व्हीलचेअर हा पर्यायच नसतो, तिथे पावलं मोजणं बंद करा आणि वेळ हाताने टाका. अंतर हवं असेल तर चाकाला रंगीत टेपची एक पट्टी लावा, २४ इंची चाकाची एक फेरी म्हणजे साधारण १.९ मीटर, घरापासून देवळापर्यंतच्या फेऱ्या एकदा मोजून ठेवल्या की झालं.

आणि पुशचा आकडा वाढला म्हणजे प्रगती असं धरू नका. उलट लांब, सलग, शांत पुश मारायला शिकलात तर तेच अंतर कमी पुशमध्ये होतं आणि खांदे वाचतात. आपला खांदा म्हणजेच आपले पाय आहेत, तो गेला तर ट्रान्सफर, म्हणजे पलंगावरून खुर्चीत जाणं, ते पण गेलं. त्यामुळे जे ॲप दर आठवड्याला टार्गेट आपोआप वाढवतं त्याची ती सेटिंग बंद करा, आणि सलग दिवसांची साखळी तुटेल म्हणून दुखऱ्या खांद्याने खुर्ची ढकलायची तर अजिबात नाही.

हृदयाचे ठोके आणि कॅलरी खऱ्या मानणं

मणक्याचा मार छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर कितीही मेहनत केली तरी ठोके इतरांसारखे चढत नाहीत, आणि ॲप म्हणतं व्यायाम हलका झाला, अजून करा. त्यापेक्षा दम बघा, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत म्हणजे मध्यम. कॅलरीचं पण तसंच, पायाचे मोठे स्नायू कामात नसतात त्यामुळे खरा खर्च कमी असतो, ॲपच्या हिशोबाने जेवलात तर वजन वाढणार आणि ते उचलायचं परत खांद्यांनीच.

रिमाइंडर लावला म्हणजे वाजणारच असं समजणं

हे जिवाशी येऊ शकतं. बसून बसून जखम होऊ नये म्हणून दर १५ ते ३० मिनिटांनी वजन हलवायचं असतं, मी पुढे पलंगावर झुकतो आणि दोन मिनिटं तसाच राहतो, हातावर उचलून धरणं तेवढा वेळ जमत नाही आणि खांद्याला पण वाईट. त्याचा रिमाइंडर मी लावला होता, पहिले दोन दिवस वाजला आणि नंतर गप्प. मला वाटलं मीच ऐकलं नाही. फोनच बॅटरी वाचवायला ते ॲप मागच्या मागे बंद करत होता. तर सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा, ऑटोस्टार्ट असेल तर चालू करा, ‘डू नॉट डिस्टर्ब’मध्ये त्याला परवानगी द्या, आणि मग फोन लॉक करून तासभर ठेवून बघा वाजतोय का. फोनचं अपडेट आलं की परत बघा. कॅथेटरच्या, म्हणजे लघवी काढायच्या नळीच्या, वेळा लावल्या असतील तर त्यांनाही हेच.

अजून एक, फोन मांडीवर आणि व्हायब्रेटवर ठेवू नका. तिथे आपल्याला कळतच नाही. मांडीखाली तर कधीच नको, गरम झालेल्या फोनने भाजलं तरी कळत नाही.

दिसत नसेल तर

शेजारच्या काकूंची नजर शुगरने गेली, त्या टॉकबॅक वापरतात, म्हणजे अँड्रॉइड फोनमधली स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सोय. त्यांच्या शुगरच्या ॲपमध्ये बटणावर बोट नेलं की टॉकबॅक नुसतं बटण आहे एवढंच म्हणायचं, कशाचं ते नाही. अशा बऱ्याच बटणांना टॉकबॅकच्या मेनूतून आपण स्वतः नाव देऊ शकतो, आम्ही ‘नोंद करा’ असं मराठीत दिलंय. आलेख मात्र वाचला जात नसेल तर तीच माहिती यादीत देणारं ॲप शोधा, आणि पैसे भरायच्या आधी डोळे मिटून सगळं एकदा करून बघा.

ॲपच्या भरवशावर डॉक्टरांना न कळवणं

मणक्याचा मार छातीच्या मध्याच्या वर असेल आणि अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहऱ्यावर घाम आला, बीपी चढलं, तर फोनमध्ये काही शोधत बसायचं नाही. ताठ बसा, पट्टे कपडे सैल करा, कॅथेटरची नळी कुठे दुमडली का बघा, आणि लगेच दवाखाना.

रोज रात्री झोपताना बुडाच्या कातडीचा फोनने फोटो काढा, तारखेने ठेवा. लाल डाग दाबल्यावर फिका होत नसेल, किंवा वजन काढून अर्ध्या तासाने पण तसाच असेल, तर त्या जागेवर बसणं बंद आणि फोटो डॉक्टरांना पाठवा. ते फोटो लॉक केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आपोआप क्लाउडवर जाणं बंद करा, माझे एकदा भावाच्या टीव्हीवर सगळ्यांसमोर लागले होते आणि त्यानंतर पंधरा दिवस मी लाजेने फोटोच काढले नव्हते.