पावसातल्या कुंड्या

आमच्या रत्नागिरीच्या पावसात कुंडीतली झाडं तहानेनं नाही, मुळं कुजून मरतात. माझा मोगरा असाच गेला. उपटला तर मुळं काळी, चिमटीत धरताच साल सुटून आली, आंबूस वास.

तेव्हापासून नुसती लाल माती भरत नाही. पावसानं ती गच्च बसते. निम्मी माती, पाव शेणखत, पाव काथ्याचा भुसा, तोही धुऊन, कारण त्यात खार असतो. तळाला खडी नकोच. पाणी तिच्या वरच्या मातीत अडून राहतं. भोकावर कौलाचा तुकडा पालथा घाला, कुंडी दोन चिऱ्यांवर ठेवा. खालची बशी मृगाआधीच काढा. उन्हाळ्यात मात्र मातीवर नारळाची सोडणं (वरची तंतुमय सालं) पसरा आणि बोट दोन पेरं खुपसून कोरडं लागलं तरच पाणी घाला.