इंजिन चालू केलं की जुन्या लोको रेडिओत शिट्टी: माझा अनुभव

अमेरिकेतल्या एका रेल्वे म्युझियममध्ये मी व्हॉलंटिअर आहे, तिथल्या ईएमडी कंपनीच्या एसडब्ल्यू१ (६०० हॉर्सपॉवरचा शंटर, म्हणजे यार्डात डबे हलवणारं डिझेल इंजिन, हे मॉडेल १९३८ ते १९५३ बनत होतं) वरचा ट्यूबवाला व्हीएचएफ रेडिओ नुसत्या बॅटरीवर स्वच्छ चालायचा, पण इंजिन चालू केलं की बारीक शिट्टी, आणि थ्रॉटल वाढवला की शिट्टीचा सूरही वर. ट्यूब बदलल्या, फिल्टर कपॅसिटर बदलले, अँटेना केबल नवी टाकली, काही फरक नाही. डोकं उठलं होतं.

खरी भानगड अशी की लोकोची ६४ व्होल्टची बॅटरी लाईन बॉडीला जोडलेली नसते, कारसारखं निगेटिव्ह म्हणजे बॉडी असं इथे नाही. रेडिओच्या १२ व्होल्टसाठी आधी कुणीतरी साधा नॉन-आयसोलेटेड कन्व्हर्टर (इनपुट आणि आउटपुटचं निगेटिव्ह आतून एकच) लावलेला, त्यामुळे बॅटरी निगेटिव्ह रेडिओच्या चॅसीतून (धातूच्या खोक्यातून) थेट बॉडीला, आणि त्याच वाटेने जनरेटरची शिट्टी रेडिओत.

आधी इंजिन बंद, बॅटरीचा नाईफ स्विच (पात्यांचा मेन स्विच) उघडा, म्हणजे बंद करा. मग मल्टिमीटर निगेटिव्ह लाईन (स्विचच्या कन्व्हर्टरकडच्या बाजूला) आणि स्वच्छ खरवडलेल्या फ्रेमवर, आमच्याकडे जवळपास शून्य ओहम, आणि कन्व्हर्टरचा प्लग काढला की ओपन (जोडणीच नाही). तिथेच कळलं. आयसोलेटेड कन्व्हर्टर (इनपुट-आउटपुट आतून वेगळे) घ्या, इनपुट रेंज बघून, कारण इंजिन चालू असताना ऑक्झिलरी जनरेटर ७४ व्होल्ट देतो. इनपुटच्या दोन्ही वायरींना फ्यूज, नुसत्या पॉझिटिव्हला नाही. चॅसी ते फ्रेम आखूड, जाड ब्रेडेड पट्टी, खालचा रंग काढून. परत मीटर लावा, निगेटिव्ह ते फ्रेम ओपन दिसलं तरच स्विच टाका.

आता फुल थ्रॉटललाही शिट्टी नाही, व्हायब्रेटरची (ट्यूबना लागणारे जास्त व्होल्ट बनवायला मदत करणारा रेडिओतला थरथरता भाग) गुणगुण तेवढी आहे, ती मूळचीच.