एका वेळी एकच भाग उघडा: माझी तिसरी शेव्हेल

माझी शेव्हेल, म्हणजे शेव्हरोलेची जुनी अमेरिकी गाडी, आता रविवारी रस्त्यावर असते. १९७० ची मालिबू, दोन दारांची. पण ही तिसरी. पहिली २००९ मध्ये नोकरी गेली तेव्हा विकली. दुसरी सुट्या भागांच्या ढिगासकट, कुठले कुठे लागतात याचा पत्ता नसलेल्या बोल्टांच्या कॉफीच्या डब्यांसकट, येईल त्या किमतीला देऊन टाकली. लोकांना मी नोकरीचं, पाठदुखीचं, घर बदलल्याचं कारण सांगायचो. ती निमित्तं. दोन्ही वेळा मी अख्खी गाडी एका दमात उघडून बसलो होतो, आणि उघडलेलं बंद करायला ना पैसा उरला ना उमेद. म्हणून माझा एकच हेका आहे: गाडी कायम चालती ठेवायची, एका वेळी एकच भाग उघडायचा. तो बंद झाल्याशिवाय दुसऱ्याला पाना लावायचा नाही.

आधी गाडी निवडायची. माझ्या पहिलीचा लाल रंग असा चकचकीत होता की मी वाकून खाली पाहिलंच नाही. मागच्या चाकावर पत्रा नव्हताच, बोटभर जाड लांबी (पुट्टी) होती. फ्रिजला लावतात तसलं पातळ लोहचुंबक खिशात ठेवा, फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडांवर फिरवा. पकड सुटली की तिथे लांबी आहे असं समजा. मग मागच्या काचेचे खालचे दोन्ही कोपरे बघा, डिकीतली चटई उचला. पाणी त्या कोपऱ्यांतून शिरतं आणि डिकीचा तळ खातं. छपरावर व्हिनाइलचं (प्लास्टिकचं) आवरण असेल तर संशय दुप्पट. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे मागच्या चाकांपलीकडची चासी (गाडीचा खालचा सांगाडा) हातोडीने ठोकल्याशिवाय मी भावाचं बोलत नाही. टणटण आवाज आला तर पुढे बोलायचं, भद्द आला तर नमस्कार करून निघायचं.

‘एसएस’च्या (सुपर स्पोर्ट) बिल्ल्याला भुलू नका. १९६९ पासून शेव्हेलमध्ये एसएस हे निव्वळ ऑप्शन पॅकेज होतं, म्हणून १९७० च्या गाडीच्या व्हिन नंबरात (गाडीच्या ओळख क्रमांकात) ते दिसतच नाही. सुरुवातीला १३६ आकडे म्हणजे व्ही-एट (आठ सिलिंडरची) मालिबू, एवढंच कळतं. बिल्ले, पट्टे, बॉनेट सगळं बाजारात नवं मिळतं. कारखान्याचा बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवलं त्याची यादी) हाती लागला तर गोष्ट वेगळी (कधी कधी तो पेट्रोलच्या टाकीवर चिकटलेला सापडतो). कागद नसेल तर साध्या मालिबूचेच पैसे द्या. मी साधीच घेतली, ३०७ घनइंचांचं इंजिन आणि पॉवरग्लाइड हा दोन गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेली. ती स्वतःच्या चाकांवर घरी आली, आणि मला तेवढंच हवं होतं.

पहिलं काम ब्रेकचं. माझ्या गाडीला चारही ड्रम होते. पुढे डिस्क बसवणार असाल तर मास्टर सिलिंडरही (पेडलचा दाब चाकांकडे पाठवणारा) बदला. ड्रमच्या जुन्या मास्टरमध्ये लाइनमधला थोडा दाब धरून ठेवणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो चालत नाही, पॅड रोटरला घासतच राहतात. मी मास्टरचे पैसे वाचवायला गेलो आणि पहिल्याच फेरीत पुढच्या चाकांतून धूर निघाला. त्यानंतर वायरिंग. पन्नास वर्षं जुन्या तारांना टेप गुंडाळत बसू नका, सरळ नवी हार्नेस (तारांची तयार जुडी) टाका.

मग इंजिन. मला ३५० हवं होतं. ब्लॉक विकत घेतला की आधी मशीन शॉपमध्ये तपासून घ्या, बोअर (सिलिंडरचं भोक) किती करायचा ते त्यांच्याकडून कळू दे, आणि मगच पिस्टन मागवा. मी उलटं केलं. माझ्या ब्लॉकमध्ये कुणीतरी अँटिफ्रीझ न घालता हिवाळा काढला होता. वॉटर जॅकेटला (ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटेला) केसाएवढी भेग निघाली. दुसरा ब्लॉक मिळाला, पण त्याचा बोअर वेगळ्या मापाचा करावा लागला आणि नवेकोरे आठ पिस्टन फळीवर राहिले.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त रडवलं ती: कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. फ्लॅट टॅपेट कॅम (ज्यावर सपाट बुडाचे लिफ्टर घासतात तो) असेल तर पहिली वीस मिनिटंच त्याचं आयुष्य ठरवतात. कॅमचे लोब (उंचवटे) किंचित तिरके घासलेले असतात आणि त्यांच्यावर टेकलेल्या लिफ्टरचं बूड खरं तर अगदी थोडं फुगीर असतं, म्हणून लिफ्टर जागच्या जागी फिरत राहतो. या वीस मिनिटांत दोघांचं जमलं नाही तर लिफ्टर फिरायचा थांबतो आणि लोब झिजायला लागतो. त्यात लोबवर ऑइल मुख्यतः क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) फिरताना उडतं तेवढंच पडतं, त्यामुळे इंजिन आयडलवर (मंद गतीवर) ठेवून भागत नाही.

मी पहिल्यांदा आजकालच्या गाड्यांचं साधं ऑइल घातलं. त्यात झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस कमी असतं, कारण धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्यातलं फॉस्फरस सोसत नाही. शिवाय डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा) १८० अंशांनी उलटा बसला होता, त्यामुळे चालू होईना आणि मी स्टार्टर मारत बसलो. लोबवर लावलेली पेस्ट तिथेच पुसली गेली. आठवड्याभरात टिकटिक सुरू झाली. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर एक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारी पट्टी) जेमतेम हलत होता. त्याचा लिफ्टर बाहेर काढला, बूड वाटीसारखं खोल झालं होतं. झिजलेलं सगळं लोखंड ऑइलबरोबर बेअरिंगांत गेलेलं. इंजिन पुन्हा पूर्ण खाली.

दुसऱ्या वेळी असं केलं. लोबवर आणि लिफ्टरच्या बुडाला भरपूर मॉलीची पेस्ट. झिंकवालं ब्रेक-इन ऑइल. जुन्या डिस्ट्रिब्युटरचा गिअर घासून काढला, तो जागेवर बसवून ड्रिलने घड्याळाच्या दिशेने ऑइल पंप फिरवला. मधूनमधून क्रँक हाताने फिरवत राहिलो, सोळाच्या सोळा रॉकरवर ऑइल येईपर्यंत. मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवला, लेकीला क्रँक फिरवायला सांगितलं. अंगठा ढकलला गेला की तो कम्प्रेशन स्ट्रोक, त्याच्या टोकाला डिस्ट्रिब्युटर बसवायचा. प्लगच्या तारांचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आधीच भरून ठेवलं, रेडिएटरसमोर मोठा पंखा, हाताशी अग्निशामक. पहिल्याच किल्लीला चालू झालं. लगेच मिनिटाला २,००० फेऱ्यांवर नेलं आणि वीस मिनिटं २,००० ते २,५०० मध्ये खालीवर करत ठेवलं. त्या आवाजात लेक टायमिंग लाइट धरून उभी होती आणि मी घड्याळाकडे बघत होतो. थांबल्यावर ऑइल काढलं, फिल्टर कापून त्याच्या घड्या वर्तमानपत्रावर पसरल्या. थोडी राखाडी भुकटी असतेच. चमकणारे कण दिसले तर मात्र इंजिन पुन्हा उघडायचं. मला दिसले नाहीत.

हे सगळं नको असेल तर रोलर कॅम (ज्याच्या लिफ्टरना चाकं असतात) घ्या. महाग पडतो, पण झोप चांगली लागते.

पत्र्याचं काम शेवटी. क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड करायच्या आधी दार आणि डिकी लावून फटी जुळवा, वेल्डिंगनंतर त्या जुळत नाहीत. आणि रंगाला उशीर होणार असेल तर साध्या प्रायमरवर गाडी बाहेर ठेवू नका, तो ओल शोषतो आणि खाली गंज धरतो. इपॉक्सी प्रायमर मारा. माझं डावं मागचं क्वार्टर दीड वर्ष काळ्या इपॉक्सीत आहे. रंग कोणता, यावर घरात अजून एकमत नाही.