फ्रिंज कापण्याआधी भोवरा बघा

चेहरा गोल की लांबट, हे सगळेच बघतात. केसांचा भोवरा मात्र कुणी बघत नाही. कपाळाशीच भोवरा असेल तर सरळ कापलेली फ्रिंज, म्हणजे कपाळावर सोडलेले पुढचे केस, मधूनच फाकते, मग बसा रोज ड्रायर घेऊन. अशांनी एका बाजूला वळवलेली लांब फ्रिंज घ्यावी. रुंद कपाळाला भुवयांपर्यंतची फ्रिंज शोभते. अभिनेत्री साधनाचा गाजलेला ‘साधना कट’ कपाळ झाकायलाच तर आला होता. गोल चेहरा मात्र अशा फ्रिंजने आणखी आखूड दिसतो. तिथे मधोमध भांग पाडून गालाच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या बटा बऱ्या.

कुरळ्या केसांचं गणितच वेगळं. ओले असताना भुवईपर्यंत कापले की वाळल्यावर थेट अर्ध्या कपाळावर चढतात. म्हणून पार्लरमध्ये केस कोरडे असताना, नेहमीच्या वळणातच कापायला सांगा, आणि फ्रिंज हवी त्यापेक्षा दोन बोटं लांब ठेवायला. पुन्हा कापता येते, जोडता येत नाही.

मुंबई-कोकणातल्या दमट हवेत विरळ फ्रिंज दुपारपर्यंत कपाळाला चिकटते. सकाळी अख्खं डोकं न धुता तेवढेच केस बेसिनवर शाम्पूने धुतले तरी भागतं. आणि हो, डोक्याला तेल लावताना फ्रिंज वगळा.