‘बाहेरून केलंय’ म्हणून थांबू नका: मुक्त विद्यापीठाची पदवी नोकरी देणाऱ्यापुढे कशी मांडावी

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे ‘बाहेरून बी.ए. केलं’ हे एकच वाक्य तीन वेगळ्या माणसांच्या तोंडी असतं. पारंपरिक विद्यापीठात वर्गात न बसता फक्त परीक्षा दिलेला, तो बहिस्थ. मुक्त विद्यापीठात नाव नोंदवून, त्यांची पुस्तकं घेऊन, अभ्यासकेंद्रावर सुटीच्या दिवशी संपर्क सत्रांना जाऊन शिकलेला, तो दूरशिक्षणाचा. आणि एजंटाला पैसे मोजून परराज्यातून कागद आणलेला, तोही स्वतःला ‘बाहेरून’च म्हणवतो. तुम्ही दुसरे असता, पण समोरच्या शेठला ऐकू येतो तिसरा. त्यामुळे दुरुस्तीची सुरुवात शब्दापासूनच करायची: विद्यापीठाचं पूर्ण नाव घ्यायचं.

समोरच्याच्या मनात बहुतेक वेळा दोनच शंका असतात. कागद खरा आहे का, आणि या पोराला काम येतं का. पहिलीचं उत्तर कागदाने द्यायचं, दुसरीचं हाताने. उलटं केलं की फसतं. डाळमिलच्या मालकाला राजपत्र दाखवलं तर तो वैतागतो आणि एचआरला नुसता आत्मविश्वास दाखवला तर ती फाइल बाजूला ठेवते.

आधी स्वतःची खात्री

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ राज्य विधिमंडळाच्या कायद्याने १९८९ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नाशिकला. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, संसदेच्या कायद्याने, १९८५ मध्ये. पण विद्यापीठ खरं असणं पुरेसं नाही. दूरशिक्षणाची मान्यता यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, दूरशिक्षण विभाग अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार देतो. म्हणून यूजीसीच्या संकेतस्थळावर तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षाची यादी उघडा, त्यात विद्यापीठ आणि तुमचा अभ्यासक्रम दोन्ही आहेत ना ते पाहा आणि ते पान छापून ठेवा. यंदाची यादी दाखवून २०१९ चा प्रवेश सिद्ध होत नाही. ही चूक फार होते.

इंजिनिअरिंग, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वकिली अशा पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय दूरशिक्षणाने दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ ला निकालही दिला आहे. ‘एका वर्षात ग्रॅज्युएट’ असं सांगून कुणी कागद दिला असेल, तर तो समजावून सांगण्याची युक्ती आमच्याकडे नाही. तो बायोडाटातून काढा आणि बारावीवर अर्ज करा. पडताळणीत सापडलेला खोटा कागद हातातली नोकरीही घालवतो.

बायोडाटातली ओळ

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. अभ्यासकेंद्र गावातल्या कॉलेजात असतं, म्हणून मुलं ‘बी.कॉम., अमुक कॉलेज, भुसावळ’ असं लिहून मोकळी होतात. कंपनीचा माणूस त्या कॉलेजात फोन लावतो. कार्यालयातला क्लार्क नियमित विद्यार्थ्यांचं रजिस्टर उघडतो, त्यात नाव नाही. ‘असा विद्यार्थी आमच्याकडे नव्हता,’ एवढं उत्तर जातं आणि खरी पदवी बोगस ठरते. कॉलेजने फक्त जागा आणि शिक्षक दिलेले असतात. तुमची नोंद विद्यापीठाकडे असते, तीही कायम नोंदणी क्रमांकाने, म्हणजे ज्याला सगळे पीआरएन म्हणतात त्याने. तेव्हा ओळ अशी लिहा:

बी.कॉम. (दूरशिक्षण), यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. उत्तीर्ण: मे २०२३. अभ्यासकेंद्र: भुसावळ. पीआरएन: (क्रमांक).

‘दूरशिक्षण’ हा शब्द गाळू नका. सध्याच्या यूजीसी नियमांनुसार पदवीच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची आणि पूर्ण झाल्याची तारीख छापायची असते. लपवून उपयोग नाही, उलट संशय वाढतो. उत्तीर्ण होण्याचं वर्ष शेवटच्या गुणपत्रिकेवरून घ्या, पदवी प्रमाणपत्रावरून नको. पदवीदान नंतर होतं आणि कधी वर्ष बदलतं. गुणपत्रिकेवर २०२३ आणि बायोडाटात २०२४ दिसलं की विचारणा ठरलेली.

त्याच काळात नोकरी करत असाल तर ती शिक्षणाच्या लगेच वर, तारखांसकट लिहा. ‘जून २०२० ते मे २०२३, जिनिंगमध्ये वजनकाटा आणि पावत्या’ ही ओळ पदवीच्या शेजारी आली की ‘कॉलेजला का नाही गेलास?’ हा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही.

समोर बसल्यावर

उत्तर अर्ध्या मिनिटाचं हवं. विद्यापीठ, वर्ष, कारण, परीक्षा, काम, याच क्रमाने. उदाहरणार्थ एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात अकाउंट असिस्टंटची जागा आहे आणि मालकच विचारतात, “बी.कॉम. कुठून?”

“शेठ, मुक्त विद्यापीठातून, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण. २०२३ ला पूर्ण झालं. तेव्हा जिनिंगमध्ये काट्यावर होतो, रोज कॉलेज जमणारं नव्हतं. परीक्षा केंद्रावर बसून लेखीच दिल्या. तिथे टॅलीत खरेदीच्या पावत्या आणि जीएसटीची बिलं मीच टाकायचो. आत्ता एखादं बिल द्या, टाकून दाखवतो.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पण ते म्हणण्याआधी खरंच येतं का ते घरी पाहून घ्या: एक खरेदी बिल, एक विक्री बिल, एक परत गेलेल्या मालाची नोंद, अन् इनपुट टॅक्स, म्हणजे खरेदीवर भरलेला कर, कुठे दिसतो ते. मालक बिल पुढे सरकवतात आणि इथेच निम्मी मुलं अडकतात.

कारण सांगताना रडगाणं नको. वडिलांचं आजारपण, दोन वर्षांचा दुष्काळ, सगळं खरं असेल. पण एका वाक्यात आटपा. ‘नाइलाजाने ओपन युनिव्हर्सिटीतून करावं लागलं’ म्हणणारा स्वतःच पदवीची किंमत कमी करतो. ‘पुस्तकं घरी येतात, तास काही होत नाहीत’ हे सांगू नका, सत्रांना जात नसलात तरी. गेलाच असाल तर मात्र सांगा: चोपड्याहून रविवारी एसटीने केंद्रावर जाणारा मुलगा वेळेवर कामाला येईल, हे शेठला आपोआप कळतं.

मोठ्या कंपनीत एचआर विचारते, “हे रेग्युलरच्या बरोबरीचं आहे का?” इथे नियम सांगायचा, तोही थोडक्यात: मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणातली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे, असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. ती सूचना छापून फाइलमध्ये असू द्या, विचारल्याशिवाय काढू नका. वाद घालायला आल्यासारखं दिसतं.

सरकारी जाहिरात

इथे बोलण्याला वाव नाही, शब्द वाचायचे. ‘मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणत्याही शाखेची पदवी’ असेल तर अर्ज करा. एमपीएससी, यूपीएससीला मुक्त विद्यापीठाचे पदवीधर बसतात. केंद्राच्या नोकऱ्यांसाठी १० जून २०१५ ची अधिसूचना आहे: कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांच्या, मान्यता असलेल्या दूरशिक्षणाच्या पदव्या आपोआप ग्राह्य. ‘पूर्णवेळ, नियमित’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर ती जागा सोडा. ही अट काही सार्वजनिक कंपन्या तांत्रिक पदांना घालतात आणि कागदपत्रं तपासताना ती सैल होत नाही. जाहिरातीत बारावी वेगळी मागितली असेल आणि तुम्ही मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा (बारावी नसलेल्यांसाठीची) देऊन पदवीला गेला असाल, तर अर्जाआधी त्या कार्यालयाला लेखी विचारा. पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे.

फाइलमध्ये काय

सर्व वर्षांच्या गुणपत्रिका (फक्त शेवटची नव्हे), पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, प्रवेशवर्षाच्या मान्यतेचं पान, अनुभवाचं पत्र. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. ग्रेड असतील तर टक्के स्वतःच्या मनाने काढू नका. विद्यापीठाने दिलेलं सूत्र वापरा आणि बायोडाटात ग्रेडही ठेवा. सरकारच्या डिजिलॉकर अ‍ॅपमध्ये गुणपत्रिका दिसत असेल तर मोबाइलवर उघडून दाखवता येते, आणि छोट्या मालकाला हीच पडताळणी सगळ्यात पटते. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असेल, म्हणजे एकीकडे ‘ज्ञानेश्वर’ दुसरीकडे ‘द्यानेश्वर’, तर दुरुस्तीचा अर्ज आजच टाका. त्याला वेळ लागतो आणि नोकरी लागल्यावर कुणी थांबत नाही.

निवड झाल्यावर फॉर्म येतो. त्यात ‘रेग्युलर / डिस्टन्स / पार्ट टाइम’ असे चौकोन असतात आणि पेन घाईत पहिल्यावर जातं. डिस्टन्सवर खूण करा. पडताळणी करणारी एजन्सी काही आठवड्यांनी विद्यापीठाला विचारते, तेव्हा जुळायला हवी ती हीच खूण.