सॉफ्टवेअर क्षेत्रात आपल्याला जुळणारे काम कसे शोधावे

सोलापुरात संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना पुढचा बेत विचारला, की ‘आयटीत जाणार, पुण्याला’ एवढेच उत्तर बहुधा मिळते. गाव ठरलेले असते, पण तिथे जाऊन नेमके काय करायचे याचा विचार मुलाखतीच्या आदल्या रात्रीपर्यंत राहून जातो. तो विचार आधी करायचा असेल, तर नोकऱ्यांची वर्णने वाचत बसण्यापेक्षा आठ आठवडे काढून ओळखीच्या एखाद्या धंद्यासाठी एक लहान सॉफ्टवेअर सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः तयार करावे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एखाद्या टॉवेल कारखान्याचे उदाहरण घेऊ. मालकांची परवानगी घेऊन दोन दिवस हिशेबनिसांच्या शेजारी बसा आणि ऑर्डर, सूत, रंग, वजन व रवानगी यांच्या नोंदी कोण, केव्हा आणि कशासाठी करतो ते लिहून काढा. हे बिझनेस अ‍ॅनालिस्टचे काम आहे. यंत्रमागावरील कामगारांशी तेलुगूत बोलता येत असेल, तर वहीत कधीच न उतरणाऱ्या अडचणीही तुम्हाला कळतील. या कामात भाषा हे मोठे भांडवल आहे.

त्यानंतर डेटाबेस, म्हणजे नोंदींचा साठा, आणि बॅकएंड, म्हणजे पडद्यामागे त्या नोंदी हाताळणारा भाग. पाचशे टॉवेलांची ऑर्डर दोन खेपांत गेली, तर उरलेला माल कुठे दिसावा? आज दर वाढवला म्हणून गेल्या महिन्याचे बिल बदलता कामा नये. मग हा दर मालाच्या यादीतून प्रत्येक वेळी उचलायचा, की ऑर्डरच्या प्रत्येक ओळीसोबत कायमचा जपून ठेवायचा? शिल्लक चाळीस नग दोघांनी एकाच क्षणी दोन गिऱ्हाइकांना दिले, तर काय होईल? असे प्रश्न डोक्यातून जात नसतील, तर बॅकएंड तुमच्यासाठी आहे, आणि त्यासाठी जावा किंवा पायथन यांपैकी एक भाषा व एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, पक्के करावे.

फ्रंटएंडमध्ये वापरणाऱ्याला दिसणारा पडदा, म्हणजे स्क्रीन, तयार होतो. मागाच्या खडखडाटात उभ्याने मोबाइलवर नोंद करणाऱ्याला बटण चटकन सापडते का, हे प्रत्यक्ष तिथे जाऊनच पाहावे.

टेस्टिंगला आपल्याकडे दुय्यम मानतात, आणि ही समजूत मला मनापासून चुकीची वाटते. ऑर्डरपेक्षा जास्त माल पाठवता येतो का, वजनाच्या जागी शून्य किंवा उणे आकडा चालतो का, मधेच वीज गेली तर अर्धवट नोंद राहते का, हे शोधण्यासाठी धंद्याची आणि प्रोग्रॅमची दोन्हींची समज लागते. शिवाय आज अनेक ठिकाणी सेलेनियम किंवा प्लेराइट यांसारखी साधने वापरून चाचण्या आपोआप चालवाव्या लागतात, म्हणजे तिथे टेस्टरलाही कोड लिहावा लागतो.

शेवटी तयार झालेले सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवा, रोजचा बॅकअप लावा आणि तो बॅकअप परत उतरवून सगळ्या नोंदी जागेवर येतात का ते तपासा. हे डेव्हऑप्सचे क्षेत्र असून लिनक्स ही सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टीम व कोडमधले बदल जपणारे गिट यांच्यावाचून तिथे पाऊल टाकता येत नाही.

या काळात एक वही ठेवा. कोणते काम करताना वेळेचे भान राहिले नाही आणि कोणते रोज उद्यावर ढकलले, याची नोंद आवडनिवड ठरवायला उपयोगी पडते. पहिली भूमिका कायमची नसते: टेस्टर ऑटोमेशनमार्गे डेव्हऑप्सकडे वळतात, बिझनेस अ‍ॅनालिस्ट प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय असावे हे ठरवणारे, होतात. काही वर्षांनी डेव्हलपरसमोर दोन वाटा येतात. एक टेक लीड आणि आर्किटेक्ट, म्हणजे तांत्रिक निर्णय आणि सॉफ्टवेअरची रचना ठरवणाऱ्या पदांकडे जाते, दुसरी माणसे सांभाळण्याच्या जबाबदारीकडे. केवळ बढती म्हणून दुसरी वाट धरू नये, कारण तिथे दिवसातला बराच वेळ सहकाऱ्यांच्या अडचणी ऐकण्यात जातो आणि कोड हळूहळू हातातून सुटतो.

अर्ज करताना रिझ्युमेत भाषांची लांबलचक यादी देण्याऐवजी या कारखान्याच्या कामातील एक निर्णय, म्हणजे मालाचा दर ऑर्डरच्या ओळीसोबत का जपला, तो तीन ओळींत लिहा आणि मुलाखतीत त्यावर दहा मिनिटे बोलण्याची तयारी ठेवा.